एदिलेनेच्या डोळ्यांखालची वर्षे

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जन्म माझा जर्मनीतला, पण आयुष्य गेले ते ब्राझीलच्या साल्वादोर शहरात, एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. नजर अशी की गोगलगाईच्या पोटातला जंतूही माझ्यापासून लपत नसे. त्या जंतूंमुळे नदीकाठची माणसे आजारी पडत, म्हणून आमचे काम मोठे मानले जाई.

प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉक्टर आन्सेल्मो. गोरे, उंच, गोड बोलणारे. एदिलेने संशोधनासाठी आली तेव्हा त्या मजल्यावर ती एकटीच काळी मुलगी होती. तिने मला हात लावताच डॉक्टर म्हणाले, "जपून हं पोरी, तो झाडू नाही!" सगळे हसले. तीही हसली. तिची बोटे माझ्यावर घट्ट आवळली, ते फक्त मला कळले.

वर्षानुवर्षे ती माझ्यावर वाकून बसली. तो जंतू गोगलगाईच्या अंगात कुठे दडी मारतो, हे तिने शोधून काढले. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला. डॉक्टर माझ्या शेजारी ऐटीत उभे राहिले. "बाई, जरा बाजूला व्हा, सावली पडतेय," तो एदिलेनेला म्हणाला. ती झाली बाजूला. डॉक्टरांचे कौतुक छापून आले, माझेसुद्धा आले. तिचे नाव कुठेच नव्हते. त्यानंतर तिची बोटे तशी कधी आवळली नाहीत.

मग प्राध्यापकाची जागा निघाली. मुलाखत आमच्याच प्रयोगशाळेत झाली.

"घरी लहान लेक आहे ना? मग हे कसं झेपायचं?" एका परीक्षकाने एदिलेनेला विचारले.

दुसरा म्हणाला, "शिवाय विभागाला शोभेल असा चेहरा हवा. समजून घ्या."

ती जागा रोजेरिओला मिळाली. तो काम शिकला होता एदिलेनेकडूनच.

कायदा शिकवणारी तिची मैत्रीण ज्यासिरा धावत आली. "रडून घे एकदाची. मग तक्रार करू."

"रडू येतच नाही गं. काहीच वाटत नाही."

"मग तशीच चल! काही वाटायची वाट बघत बसलीस तर म्हातारी होशील."

ती तशीच तक्रार घेऊन न्यायालयात गेली. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण नियमाप्रमाणे जपलेले होते. ते तिथे ऐकवले गेले, तेव्हा परीक्षकांना आपलाच आवाज ऐकवेना म्हणे. निवड रद्द झाली. बाहेरगावचे परीक्षक आले, परीक्षा पुन्हा झाली आणि एदिलेने प्राध्यापक झाली.

डॉक्टर आन्सेल्मो अभिनंदनाला आले. "झालं गेलं विसरून जा, पोरी."

"प्रोफेसर म्हणा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता.

आता माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. समुद्राच्या दमट हवेने माझ्या भिंगावर बुरशी धरली आहे. कपाटाच्या काचेतून मी तिचा वर्ग पाहतो.

परवा एका विद्यार्थिनीने विचारले, "प्रोफेसर, एवढं सोसलंत कसं? किती कौतुक वाटतं तुमचं!"

"कौतुक राहू दे. तुला कुणी असं बोललं, तर त्याच दिवशी येऊन सांग मला."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना कोरडे ठेवा, मऊ फडक्याने पुसा. आमचे तेवढ्यावर भागते. माणसांचे भागत नाही. कुणाच्या सोशिकपणाचे गोडवे गाऊ नका. ज्याचे काम, त्याचे नाव घ्या, आणि वेळेत घ्या. उशिरा आलेला न्याय मी पाहिला आहे. तो आला, एदिलेनेने नुसती मान डोलावली आणि ती कामाला लागली.