शेवटची वाफ

कालेर्वोच्या पोटात थोडी गेली की माया दाटून येते, आणखी गेली की भांडण सुरू होतं. त्या दिवशी गाडी मायेवरच अडकली आणि तिथेच घोळ झाला.

तळ्याकाठच्या त्याच्या लाकडी घरात तिघं जमले होते. घरमालक कालेर्वो, रेइनो आणि तौनो, शाळेपासूनचे दोस्त. दर जानेवारीत तळं गोठलं की इथे यायचं, घराबाहेरचा सॉना, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली, तापवायचा, बर्फाला पाडलेल्या भोकात डुबकी मारायची, असा त्यांचा नेम. चौथा सुलो. तो गेल्या वर्षी दारूच्या नशेत अशाच भोकात बुडाला. निदान तौनोला तसं सांगितलं होतं. तो तेव्हा हर्नियाचं ऑपरेशन करून इस्पितळात पडला होता. आपण असतो तर सुलो गेला नसता, ही सल त्याला वर्षभर टोचत होती. बायको कधीच सोडून गेलेली, पोरंबाळं नाहीत. जगात आपली माणसं म्हणून हे दोघंच उरले होते, त्यामुळे बोलावणं आल्याबरोबर तो निघाला.

दुपार कलली तसा बाहेर अंधार झाला. सॉना उरकला. सगळे निघाले की दगडांवर एक पळी पाणी टाकून शेवटची वाफ सॉनाची राखण करणाऱ्या, कुणाला न दिसणाऱ्या म्हाताऱ्यासाठी सोडायची, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. टाकायचं आणि मुकाट्यानं दार ओढून घ्यायचं, कुणाचं नाव घ्यायचं नाही. कालेर्वोनं पळी भरली आणि गळा काढला.

"ही सुलोची! ये रे राजा, बस आमच्यात!"

"अरे, नाव काय घेतोस!" तौनो ओरडला.

"बघा, आजीबाई घाबरल्या," रेइनो म्हणाला.

टॉवेल गुंडाळून तिघं घरात आले. रेइनोनं सॉसेज भाजायला घेतले. तेवढ्यात बंद सॉनातून तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा आला. मग कुणीतरी घसा खाकरला. तो खाकरा तिघांनीही ओळखला.

"पाठ कोण घासणार रे?" सुलोनं विचारलं. "एक जण या. कुणीही चालेल. नाहीतर मीच तिकडे येतो."

रेइनोच्या हातातला सॉसेज विस्तवात पडला. मघाशी हेच दोघं एकमेकांसाठी जीव द्यायच्या शपथा खात होते.

"माझ्या छातीचं तुला माहीतच आहे," कालेर्वो म्हणाला.

"मला नातवंडं आहेत," रेइनो म्हणाला. "तौनो, लेका, तुझं तसं... म्हणजे तुझ्यामागे कुणी..."

"बोल ना. रडायला कुणी नाही, असंच ना?"

"तसं नाही रे. पण तुझा त्याच्यावर जीव होता."

जीव होता, हे खरंच होतं. तौनो उठला. त्याला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग आला होता, आणि रागाच्या खाली सुलोला एकदा बघायची आस होती. कोट खुंटीवरच राहिला. सॉनात कपडे घालून कोण जातं?

सुलो खालच्या फळीवर पाठ करून बसला होता. केसांतून पाणी ठिबकत होतं. तौनोनं साबण लावून ब्रश फिरवला. पाठ फ्रीजमधून काढलेल्या मटणासारखी गार आणि घट्ट होती, साबणाला फेसच येईना. तरी तो घासत राहिला.

"बरं वाटलं," सुलो म्हणाला. "तू येशील असं वाटलंच होतं. त्यांना तोंड कुठे आहे?"

"म्हणजे?"

"मी बुडालो नाही, तौनो. भोकातून आपला आपण वर आलो. यांनी गंमत म्हणून घराच्या दाराला आतून कडी घातली होती. दार वाजवलं, हाका मारल्या. आतून हसत होते. मग ढोसून झोपले. सकाळी पायरीवर सापडलो, तर मला उचलून पाण्यात ढकललं." त्याच्या आवाजात राग नव्हता. तौनोला तेच सहन होईना.

उरलेलं पाणी सुलोनं दगडांवर आणि चुलीत ओतलं. विस्तव विझला. "माझं झालं," म्हणत तो बाहेर पडला आणि तळ्याकडे चालत गेला. त्यानं तौनोला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

तौनो धावत घराशी आला. दार आतून बंद होतं. ओला टॉवेल अंगावरच कडक व्हायला लागला होता.

"कालेर्वो, उघड! तो गेला!"

"तू तौनोच कशावरून?"

"गाढवा, थंडीनं मरतोय मी! कोट आत आहे, गाडीची किल्ली आत आहे!"

रेइनो खिडकीशी आला. तौनोनं तोंड काचेला टेकवलं. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली, विरली, पुन्हा धरली. मेलेल्याला श्वास नसतो, एवढं रेइनोलाही कळत होतं. त्यानं मागे वळून मान हलवली, "तोच आहे." कडीवर हात पडल्याचा आवाज तौनोला ऐकू आला. सुटलो, असं त्याला वाटलं.

"तौनो," दारामागून कालेर्वोनं हळूच विचारलं, "आत काय म्हणाला तो?"

काही नाही म्हणाला, एवढं सांगितलं असतं तर भागलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण हात अजून त्या पाठीनं गार होते, आणि आयुष्यभर या दोघांबरोबर सॉसेज खात बसायचं त्याच्या जिवावर आलं.

"म्हणाला, दार वाजवलं होतं."

कडी पुन्हा घट्ट बसल्याचा आवाज आला. मग घरातला दिवा मालवला गेला.