नसलेला सांधा

शिशिराची सुवर्णपीत दुपार. सांगलीच्या हळदपेठेतून उठलेली धूळ उन्हात मिसळली होती. कृष्णेचं मंदगामी पाणी पिवळं, घाटाच्या पायऱ्या पिवळ्या, तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या स्टुडिओची काचसुद्धा पिवळी. एवढ्या सोनेरी दुपारी माणसानं जळावं तरी का! पण श्रीरंग जळत होता.

अठरा वर्षं हा यंत्रस्वरांचा शिल्पी व्हिडिओ गेमना संगीत देत आला. पहिल्या गेममध्ये त्याला चारच स्वर एका वेळी वाजवता यायचे, किरकिरे, काटकुळे स्वर. त्या चारांतून त्यानं मेघ गर्जवले, अश्व दौडवले, राक्षस लोळवले. मग यंत्रं मोठी झाली, नाव मोठं झालं, पोरं त्याच्या धुना शिट्टीवर वाजवू लागली. प्रत्येक गेमचा अखेरचा टप्पा श्रीरंगचा, हे ठरलेलंच असायचं.

गेमच्या धुनेला शेवट नसतो. खेळणारा अरण्यात दोन मिनिटं रेंगाळेल, नाहीतर दोन तास. तोवर तीच धून फिरून फिरून वाजत राहते. शेवट जिथं सुरुवातीला मिळतो, तो सांधा. तो कानाला टोचला की सगळी माया ओसरली. म्हणून इथली रीत अशी की प्रत्येक धून श्रीरंगनं डोळे मिटून सलग चाळीस फेऱ्या ऐकायची. त्यानं दिलेल्या निकालावर मालक फडतरेसुद्धा चकार शब्द काढत नसत.

यंदा अखेरच्या टप्प्यातल्या अरण्यासाठी दोन धुना आल्या. एक त्याची. दुसरी केतकी माळीची. तीन वर्षांपूर्वी त्यानंच हाताला धरून शिकवलेल्या केतकीची.

"दादा, वाईट असली तर तोंडावर सांगा हं," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली.

पहिली फेरी. पर्णराजीतून झिरपणारा हरित अंधार. दहावी फेरी. दूर कुठं शीतल, शुभ्र पाणी. विसाव्या फेरीला त्यानं हेडफोन कानांवर दाबले आणि सांधा शोधू लागला. तिसाव्या फेरीलाही तो सापडेना. कालची पोर ही! हिला सुचलं, मग मला का नाही? माझी अठरा वर्षं काय पाण्यात गेली? चाळिसावी फेरी सरली. सांधा नव्हता. शपथेवर सांगावं, इतका नव्हता.

डोळे उघडले तर दारात फडतरे.

"काय श्रीरंगराव, पोरीचं कसं काय?"

"सांधा ऐकू येतोय," श्रीरंग म्हणाला. "बारीक आहे, पण आहे."

"मग तुमचीच घेऊ." फडतरे निघूनही गेले. किती सोपं होतं सगळं!

निकाल ऐकून केतकी भांडेल, असं त्याला वाटलं होतं. उत्तरं जिभेवर तयार होती. पण तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई! मला कसा नाही ऐकू आला? बरं झालं दादा, तुम्ही सांगितलंत. आता सापडेपर्यंत उठायची नाही मी."

तिनं डोळे मिटले, त्यानं शिकवलं होतं तसे. ऐकलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा, पुन्हा ऐकलं. इथं असेल म्हणून एक निर्झर तोडला, तिथं असेल म्हणून एक वारा थांबवला. स्वरास्वरानं ते घनगर्द अरण्य उजाड होत चाललं. समोर बसलेल्या श्रीरंगच्या मनात येत होतं, अगं, नाहीये तो, नव्हताच.

तासाभरानं तिनं वर पाहिलं. डोळे लाल, कानांच्या पाळ्या लाल.

"दादा, अजून नाही हो सापडत. माझा कानच कच्चा आहे का?"

आता एक वाक्य पुरे होतं. एकच.

"होईल तयार," तो म्हणाला, अगदी मायेनं.

केतकीनं आशेनं मान डोलावली, आणि अरण्यातला आणखी एक पक्षी पुसून टाकला.