वजाबाकी

सिद्रामप्पाने राजाला दोन्ही हातांनी उचललं आणि काट्यावर उभा राहिला. आकडा मनात ठेवून त्याला खाली सोडलं, एकटा उभा राहिला आणि वजाबाकी केली. लातूरच्या जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्याचं वजन करायची हीच रीत होती. साडेअकरा किलो. पंधरा दिवसांपूर्वी बारा भरलं होतं.

जिल्हा नवा होऊन तीन वर्षं झाली, तरी रजिस्टरवर जुन्याच जिल्ह्याचं नाव छापलेलं होतं. तेवढं खोडून त्याने आकडा लिहिला आणि राजाला घेऊन आलेल्या पारूबाईकडे चष्म्यावरून पाहिलं. पंचवीस वर्षांच्या कंपाउंडरकीत त्याचा एक हिशेब पक्का झाला होता. म्हशीचं दूध विचारलं की माणसं कमी सांगतात, कुत्र्याचं खाणं विचारलं की त्याहून कमी.

राजाला पाच महिने पातळ होत होतं. जंताचं औषध दोनदा झालं, तपासणीत काही निघालं नाही. डॉक्टर विचारत विचारत मागे गेले, तेव्हा कळलं, दुष्काळात घरची ज्वारी संपून रेशनचा गहू आला, तेव्हापासूनचं हे दुखणं. त्यांनी बजावलं होतं : तीन आठवडे फक्त भात आणि उकडलेलं अंडं, पोळीचा तुकडासुद्धा नाही. त्यानेही फरक पडला नाही, तर आतड्याचं दुखणं वाईट आहे, मग आशा धरू नका.

"गहू दिलाच न्हाई म्हणता?"

"शपथ घेते, अप्पा. बांधूनच हाय."

"शेजारीपाजारी?"

"त्यांचं त्यांना पुरंना, कुत्र्याला कोण देतंय?"

"बांधता कुठं?"

"मालकाच्या बाजंपाशी. ते पडूनच असतेत आताशा. दवाखान्याचं नाव काढलं की खवळतेत."

"जेवतेत का?"

"हाव, जेवणाला कमी न्हाई. तीन पोळ्या वाढते. मी टँकरवरून घागर घेऊन येऊस्तोर ताट चाटूनपुसून लख्ख. घासायला पाणी बी लागंना."

सिद्रामप्पाचं पेन थांबलं. राजा भिंतीकडे तोंड करून बसला होता, चोरी पकडल्यासारखा.

"उद्या मालकाला पाठवा, कुत्रं घेऊन."

"माणसाच्या दवाखान्यात गेले न्हाईत, जनावराच्या येतेत व्हय?"

"सांगा, राजा हातचा जाईल. धन्याशिवाय सुई टोचू देईना म्हणावं."

"खोटं सांगू?"

"सांगा. पाप माझ्या नावावर लिहा."

दुसऱ्या दिवशी पारूबाईचा नवरा निवृत्ती राजाला घेऊन आला. दवाखान्याच्या तीन पायऱ्यांवर तो दोनदा बसला. राजा दोन्ही वेळा त्याच्यासाठी थांबला.

"जगंल का हे?"

"जगंल. तुमची पोळी सुटली तर."

निवृत्तीने हातातली साखळी मुठीला गुंडाळली.

"ताट तसंच माघारी गेलं, तर तिला कळंल, अप्पा."

सिद्रामप्पाने काटा पुढे ओढला.

"उचला त्याला. उभं राहा."

निवृत्ती राजाला छातीशी धरून काट्यावर चढला. सिद्रामप्पाने राजाला त्याच्या हातांतून अलगद काढून घेतलं. काम झालं असं समजून निवृत्तीने एक पाय खाली टाकला.

"थांबा," रजिस्टरचं पान उलटत सिद्रामप्पा म्हणाला, "राजाचं कालच झालंय."