झटकेबुवांचा डबा

अकोल्याच्या कापूसबाजारात त्या दिवशी एकही गाडी सुटली नाही. गाडीवान, हमाल, दलाल सगळे झटकेबुवांच्या मांडवात. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि भाव आला की मागोमाग बुवा येतात, हे ठरलेलंच.

मांडवात खाटेवर पुंजाराम तापानं फणफणत होता. गठ्ठे दाबायच्या पेचात त्याचा पाय चिरडला होता. सरकारी डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याखाली कापा, नाहीतर माणूस जाईल." त्याची बायको मनकर्णा घाबरली आणि त्याला इथे घेऊन आली. बुवा रोज आपल्या बंद डब्यातून निघालेल्या दोन तारा त्याच्या मांडीला लावत, डबा भुणभुणे आणि पाय ताडकन उडे.

"देवीचा भुंगा बोलला! एका घागरीच्या शंभर घागरी शक्ती झाली! मेल्या पायात जीव भरला!" बुवा गर्जत.

मी तारकचेरीतला कारकून. आठ दिवस मी खुर्चीत बसून टिंगल केली. नवव्या दिवशी डबा गप्प झाला. "देवी रुसली," असं लोकांना सांगून बुवा मागच्या दारानं माझ्याकडे आले, मोरचूद मागायला! आमच्या तारेला वीज पुरवणारे घट त्याच मोरचुदावर चालतात. म्हणजे डब्यात देवी नाही, वीजच! माझं डोकं सणकलं. खाटकाकडून ताजी बोकडाची तंगडी घेतली आणि मोरचुदासह मांडव गाठला.

"डबा उघडशील तर शाप लागेल!" बुवा ओरडले.

"लागू द्या," म्हणत मी झाकण काढलं. आत सहा घट आणि जाड तारेचे पन्नास वेढे. त्यावर बारीक तारेचे पंचवीस थर, दर थरात दोनशे वेढे, म्हणजे पाच हजार.

"वेढे शंभरपट, म्हणून विजेचा जोर शंभरपट," मी ओरडून सांगितलं. "सहा घटांचा जोर सहाशे घटांएवढा होतो. पण गळती मुळीच धरली नाही, तरी प्रवाह शंभरावा हिस्साच उरतो. जोर गुणिले प्रवाह करा, आत गेलं तेवढंच बाहेर येतं. देवीनं पदरचं काही घातलेलं नाही. आणि भुंगा म्हणजे प्रवाह जोडणारी-तोडणारी लोखंडी पट्टी. ती थांबली की बारीक तारेत काहीच उतरत नाही."

घटांत मोरचूद घालून मी तारा तंगडीला लावल्या. मेल्या बोकडाची तंगडीही ताडकन उडाली.

"पन यायचा पाय हालला न, बाबू!" मनकर्णा रडत म्हणाली. "म्या माह्या डोयानं पायला!"

खाटेवरून पुंजारामच बोलला, "अवं, आमचा पेच पायला न तू? दांडा दहा हात फिरवावा, तवा गठ्ठा बोटभर दबते. जोर वाढते, अंतर घटते. हा डबा बी पेचच हाये. पेच कापूस दाबते, पिकवत नाई." तो धापा टाकू लागला. "गाडी जुंपाले सांग. पाय कापू दे."

दवाखान्यात डॉक्टरांनी पायावरचं फडकं उचललं आणि मान हलवली. "आठ दिवसांपूर्वी गुडघ्याखाली भागलं असतं. आता मांडीतून कापतो, पण भरवसा देत नाही."

पाय कापल्यावर पाचव्या दिवशी पुंजाराम गेला. बुवांनी तोवर अमरावतीला मांडव घातला होता, आणि तो भरलाही होता.

वाचकहो, चमत्कार दिसला की डबा उघडायला सांगा. किती आत गेलं, किती बाहेर आलं, विचारा. आणि माझ्यासारखे शहाणे असाल तर नुसते हसत बसू नका. मी पहिल्याच दिवशी खुर्चीतून उठलो असतो, तर मनकर्णाचं कुंकू राहिलं असतं.