घरी जाऊन कळवू

नोकरीच्या अर्जांत इंद्रकुमारचं नाव दिसलं तेव्हा मी चहा अर्धा टाकून दिला आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या टीनाला सांगितलं, "याचं प्रॅक्टिकल मी घेणार." तिने कारण विचारलं नाही. तुम्हाला सांगते.

दोन वर्षांपूर्वी हा इंद्रकुमार आपल्या बापाला, केशोरावांना, घेऊन आमच्या दवनीवाड्याला मला पाहायला आला होता. पोहे झाले, चहा झाला. मी चालून दाखवलं, शिक्षण सांगितलं. मग केशोराव म्हणाले, "कंप्युटरची डिगरी आहे म्हणता, तं पोरगी काही करून दाखवन का?" इंद्रकुमारने लगेच बॅगेतून लॅपटॉप काढला. नागपूरला नोकरीला होता, रुबाब काही विचारू नका. "डॉकर टाक आणि एक कंटेनर चालवून दाखव," म्हणाला.

कंटेनर म्हणजे फार काही नाही. एखाद्या सॉफ्टवेअरला लागणारं सगळं सामान एका डब्यात बांधलेलं असतं; डबा कुठल्याही मशीनवर उघडा, ते चालतं. पण डबा आधी इंटरनेटवरून उतरवावा लागतो, आणि आमच्या घरात इंटरनेट म्हणजे बाबांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. मी काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करत गेले. असे डबे चालवणारं डॉकर कसंबसं इन्स्टॉल झालं. डबा उतरायला लागला आणि अर्ध्यात अडकला.

माझे बाबा, मनिराम, दारात उभे होते. पोरीचं काम रेंजसाठी अडलंय, एवढं त्यांना समजलं. आमच्याकडे फोनवर बोलायचं तर छतावर जावं लागतं, रेंज तिथेच येते. बाबांनी मोबाइल उचलला आणि धावत छतावर गेले. खाली लॅपटॉपचं उरलंसुरलं नेटही तुटलं. स्क्रीनभर एररच्या ओळी आल्या. वरून बाबा विचारत होते, "आली का वं रेंज?" आणि बैठकीत हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने हसला तो इंद्रकुमार. काय झालं ते त्या बैठकीत माझ्याशिवाय त्याला एकट्याला कळलं होतं. एका शब्दाने सांगू शकला असता. त्याने लॅपटॉप मिटला.

"घरी जाऊन कळवू," निघताना केशोराव म्हणाले.

कळवलं नाही. नाही म्हणायलासुद्धा फोन केला नाही. बाबा रोज संध्याकाळी मोबाइल घेऊन छतावर जाऊन बसायचे, फोन आला आणि रेंज नसली तर काय घ्या. धान कापून झालं, थंडी पडली, तरी बसायचे. मी जेवायला बोलवायला वर गेले की म्हणायचे, "माहीच चुकी झाली, बाई." त्या एका वाक्यासाठी मला इंद्रकुमारचं वाटोळं झालेलं पाहायचं होतं. खोटं कशाला बोलू?

आता मी गोंदियाला राइस मिलवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. मिलमध्ये नेट असलं तर असतं, म्हणून आम्ही डबा पेन ड्राइव्हवर भरून नेतो आणि तिथल्या मशीनवर कमांडने चढवतो. नेट नसताना हे कसं करायचं ते मी हट्टाने शिकले होते. का, ते वेगळं सांगायला नको.

इंद्रकुमार आला. नागपूरची नोकरी गेलेली, अंगही सुटलेलं. "नमस्ते मॅडम," म्हणाला. मी लॅपटॉप पुढे सरकवला, त्याच्या डोळ्यांदेखत नेटची वायर काढली आणि बाजूला एक पेन ड्राइव्ह ठेवला. तो कशाचा, ते सांगितलं नाही.

"डॉकर टाकलेलं आहे. एक कंटेनर चालवून दाखवा."

त्याने कमांड दिली. डबा मशीनवर नाही, उतरवताही येत नाही, असं उत्तर आलं. त्याने पुन्हा तीच कमांड दिली, पुन्हा तेच उत्तर. मला इतकं बरं वाटत होतं की बस.

"काही करून दाखवन का?" मी केशोरावांच्याच सुरात विचारलं. टीनाने चमकून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या मात्र काही लक्षात आलं नाही.

मग त्याची नजर बाजूला गेली. "मॅडम, हा पेन ड्राइव्ह लावू का?"

टीना समोर बसली होती, नाही म्हणता आलं नाही. त्याने डबा चढवला, चालू केला, मिलच्या सॉफ्टवेअरचं पान स्क्रीनवर उघडलं. काम स्वच्छ होतं, खोट काढायला जागा नव्हती. माझा तिळपापड झाला.

"दवनीवाड्याला आला होता कधी?" मी विचारलं.

त्याने खरोखर आठवून पाहिलं. "पोरी पाह्याले लय गावं फिरलो, मॅडम. असन आलो."

असन आलो! माझ्या बापाने अख्खा हिवाळा छतावर काढला, आणि हा म्हणतो असन आलो.

बाहेर बाकावर केशोराव बसले होते. मला पाहून उठले. "का झालं, बेटी? पोराचं लगन ठरून आहे. पोरीवाले म्हणतात, पयले नोकरी दाखवा."

टीना मागून हळूच म्हणाली, "घेऊन टाक ना, चांगला आहे."

"तुम्ही घरी जा," मी केशोरावांना म्हटलं. "कळवू."

ते हात जोडून गेले. शब्द त्यांचेच होते, त्यांना ओळखू आले नाहीत. आम्ही दुसऱ्याला घेतलं, आणि इंद्रकुमारला नाही म्हणूनही कळवायचं नाही, असं मी टीनाला बजावलं.

रविवारी गावी गेले आणि बाबांना छतावर नेऊन सगळं रंगवून सांगितलं. वाटलं, बाबा खूश होतील.

"त्याचा बापही आता असाच वाट पाहून राहिला असन," ते म्हणाले आणि खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "फोन करून टाक वं बाई. नाही तं नाही म्हण. पण सांगून टाक."

रेंज पूर्ण होती. मी मोबाइल घेतला आणि परत त्यांच्या खिशात ठेवला.

"पाहू द्या वाट," मी म्हटलं. "एक हिवाळा जाऊ द्या, मग करते."

बाबा खाली निघून गेले आणि मी छतावरच बसून राहिले. त्या संध्याकाळी मला जेवायला बोलवायला कोणी वर आलं नाही.