बाकाखालचा व्हॉल्व्ह
चर्चमध्ये शांतीसाठी रोजची प्रार्थना सुरू होऊन त्या रविवारी अकरा दिवस झाले होते, आणि रस्त्यापलीकडचं पाणी बंद होऊनही अकराच. हा मेळ मंडळीत एकाच माणसाला खुपत होता, कारण ते पाणी त्यानेच बंद केलं होतं.

तो प्लंबर होता. दोन्ही वस्त्यांमध्ये गोळीबार सुरू झाला त्या सकाळी पलीकडच्या गल्लीत पाइप फुटला आणि अलीकडच्या नळांची धार करंगळीएवढी झाली. शांती समितीच्या अध्यक्षबाईंनी त्याला लगोलग बोलावून घेतलं. पलीकडच्या वस्तीचा व्हॉल्व्ह चर्चच्या आवारात, जमिनीखालच्या खड्ड्यात होता. "दोन तासांपुरता बंद करा हो, मग बघू," बाई म्हणाल्या. त्याने केला. पलीकडच्यांनी दुपारपर्यंत पाइप दुरुस्तही केला. पण इकडे धार अशी झकास झाली होती की बाईंच्या 'मग बघू'मधलं 'मग' काही उजाडेना. पाणीखात्याची माणसं रस्ता बंद म्हणून फिरकत नव्हती. तिसऱ्या दिवशी तर समितीने खड्ड्याच्या झाकणावरच सिमेंटचा बाक आणून ठेवला. त्याच्या पाठीवर ठसठशीत अक्षरांत कोरलं होतं, 'शांती'. तिथेच का, तर म्हणे जागा सपाट होती!

प्लंबरची मोठी बहीण पलीकडे दिलेली. तिचं लग्न झालं तेव्हा तो नुसता रस्ता होता, त्यावर वाळूची पोती नव्हती. गुरुवारी तिचा फोन आला तेव्हा तो कामावरून येऊन हात धूत होता.

"तुझे दाजी रोज नाक्यावर टँकरच्या रांगेत उभे असतात," ती म्हणाली. "काल रांगेवर गोळी आली. बादलीला लागली, म्हणून तुझ्याशी धड बोलतेय. तुमच्याकडे येतं का रे पाणी?"

"कुठलं गं ताई! इथेही बोंबच आहे," तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली.

तो तडक अध्यक्षबाईंकडे गेला. बाक एकट्याने हलण्यातला नव्हता.

"बाक हलवायचा तर ठराव लागेल," बाई म्हणाल्या. "आणि एवढं काय डोक्यावर घेता? सगळा भार प्रभूवर टाका."

"टाकतो की. पण बाकाचा भार तेवढा झाकणावरून काढा."

बाईंना विनोद आवडत नसत. त्यांनी त्याला प्रार्थनेच्या पेटीत चिठ्ठी टाकायला सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तरीही त्याने लिहिलं: 'व्हॉल्व्ह इतके दिवस बंद आहे. लवकर उघडला नाही तर जीव जाईल.'

रविवारी पाळकसाहेबांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा आवाज कापरा झाला. "प्रभू, आमच्यातल्या कोणा बांधवाच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बंद पडला आहे. डॉक्टरांच्या हाताला यश दे." मंडळी हळहळली. मागच्या बाकावरच्या बहिऱ्या आजींनी शेजारणीला विचारलं, "कोणाचं ऑपरेशन गं?" अध्यक्षबाईंना सगळं ठाऊक होतं. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

प्लंबर उठला. "साहेब, हृदयाचा नाही. बाहेरचा, बाकाखालचा. पलीकडे पाणी नाही, आणि ते मीच बंद केलंय. माझं पाप आहे ते."

चर्चभर माना वळल्या. पाप तिथे दर रविवारी कबूल व्हायचं, पण सगळ्यांनी मिळून, छापील कागदावरून, अनेकवचनात. एकट्याच्या पापाची कोणाला सवयच नव्हती.

"पण आपला दाब कमी होईल!" अध्यक्षबाईंच्या तोंडून निघून गेलं. मग त्या सावरल्या. "म्हणजे, आधी त्यांनी गोळ्या थांबवाव्यात."

"माझी बहीण गोळ्या नाही झाडत. तिला पाणी हवंय," प्लंबर म्हणाला. "मला चार माणसं द्या."

"आपण यावर प्रार्थना करू," पाळकसाहेब म्हणाले.

"करा. पण धन्य म्हटलंय ते शांती करणाऱ्यांना, साहेब. नुसती चिंतणाऱ्यांना नाही."

"बाक उचलणाऱ्यांना प्रभूने बळ द्यावं म्हणून डोळे मिटू या," पाळकसाहेब म्हणाले, आणि बाक उचलू शकतील असे साठ जण डोळे मिटून बसले.

त्याच्यामागे बाहेर आले तिघेच. ऑर्गन वाजवणारे मास्तर, झाडलोटीच्या मावशी आणि बहिऱ्या आजी. "पेशंट कुठाय?" आजींनी विचारलं. मावशींनी बाकाकडे बोट दाखवलं. आजींनी पदर खोचला. चौघांनी रेटा देऊन देऊन बाक उलथा पाडला; 'शांती' मातीत पालथी पडली. प्लंबरने झाकण काढलं, खड्ड्यात उतरला आणि चावी फिरवायला लागला. गंजलेला व्हॉल्व्ह कुरकुरला, अडला, आणि एकदाचा सुटला. पाइप घरघरला.

तेवढ्यात आतून दणदणीत 'आमेन' ऐकू आलं. अध्यक्षबाई दारात आल्या, त्यांनी उघडा खड्डा पाहिला आणि भारावून म्हणाल्या, "बघितलंत ना, प्रार्थनेत केवढं सामर्थ्य असतं!"

प्लंबर खड्ड्यातच चिखलात बसून ताईला फोन लावत होता.

"अरे, नळ खोकतोय!" ती ओरडली. "आलं! गढूळ आहे, पण आलं!"

"ताई, ते मीच बंद केलं होतं. पहिल्या दिवशी."

पलीकडे बादली नळाखाली सरकवल्याचा आणि तिच्यात धार पडल्याचा आवाज आला.

"बंद कोणी केलं ते माहीत नव्हतं," ताई म्हणाली. "पण गुरुवारी 'इथेही बोंबच' म्हणालास ना, तेव्हा तुझ्यामागे नळ वाहत होता. असाच."

आणि तिने फोन बादलीजवळ धरला.