वीतभर जास्त

पिशवीला कसलं आलंय माप? पण रतनबाई घ्यायची. कर्जतच्या त्या गल्लीत कुणी पिशवी शिवायला टाकली, की बाई आधी खुर्ची सरकवायची, चहा टाकायची आणि मग टेप घेऊन गिऱ्हाइकाचा हात खांद्यापासून बोटापर्यंत मोजायची. "ज्याच्या त्याच्या हातापरमानं बंद पायजे," म्हणायची, "न्हाईतर पिशवी भुईला घासती."

खरं सांगायचं तर हे सगळं निमित्त होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा आदिनाथ चाकणला कंपनीत. फोन करायचा तो रविवारी, तोही जेवता जेवता. बाईला बोलायला माणूस हवं होतं, आणि टेप काढल्याशिवाय माणूस घरात बसत नव्हतं.

अशात बचत गटाची रेश्मा मांजरपाटाचा अख्खा तागा घेऊन दारात उभी राहिली. प्लास्टिक बंद करायचं म्हणून गटातल्या चाळीस बायकांना एकेक कापडी पिशवी द्यायचं ठरलं होतं.

"मावशी, माप घेत बसू नका. समद्यास्नी बंद एकाच मापाचा, चोवीस इंच. झाल्या की मीच गाडीवर येऊन नेईन."

चहासुद्धा न घेता ती गेली. चाळीस बायका, आणि एकीनंही उंबरा चढायचा नाही! रतनबाईला ते काही केल्या सोसेना. मग तिनं जे केलं ते कुणा शहाण्या माणसानं करू नये. प्रत्येक बंद वीतभर लांब कापला. पिशवी फरफटली की बाया कुरकुरत का होईना, बंद कमी करून घ्यायला येतील, टेकतील, चार शब्द बोलतील. म्हातारीची नजर गेली म्हणतील, तर म्हणू देत. पस्तीस वर्षं मशीनवर बसलेली बाई, मुद्दाम चुकीची टीप मारताना तिचं तिलाच वाईट वाटत होतं.

रेश्मा पिशव्या घेऊन गेली. रतनबाईनं ओटा सारवला, बिस्किटांचे दोन पुडे आणले, दूध जास्तीचं सांगितलं आणि दार सताड उघडं टाकून बसली. आठ दिवस गेले. काळं कुत्रं फिरकलं नाही. रोजचं दूध नासू नये म्हणून तिनं दोनदा खीर केली, आणि एकटीनंच खाल्ली.

नवव्या दिवशी तिच्यानं राहवेना, म्हणून ती बाजारात गेली. तिच्या पिशव्या जिकडेतिकडे होत्या, कुणाच्या कांद्यांनी फुगलेल्या, कुणाच्या रिकाम्या. आणि प्रत्येक बंदाला वर एक गाठ मारलेली होती.

मेथीवालीपाशी रेश्मा भेटली.

"मावशी, पिशव्या लई झ्याक झाल्या. बंद तेवढे लांब झालेत, पन मी कुनाला तुमच्याकडं येऊ दिलं न्हाई. म्हटलं, मावशी एकटी हाय, वय झालंय, कशाला तरास द्यायचा? गाठ मारा न् वापरा."

रतनबाईनं तिच्या पिशवीवरची गाठ चाचपून पाहिली. चांगली घट्ट होती.

"बरं केलंस," ती म्हणाली. मग न राहवून तोंडून निघूनच गेलं, "पन एखादी तरी यायला पायजे हुती गं."

रेश्मा तोवर जुडीचा भाव करायला वळली होती.